टेक्ससचा टॅक्स हॉलिडे आणि शाळेची खरेदी: कशासाठी थांबायचं आणि कशासाठी नाही

प्रश्न थोडक्यात असा आहे. जुलैमध्ये पुण्याहून डॅलसजवळच्या फ्रिस्कोला आलेलं कुटुंब, मुलगा दुसरीत जाणार, मुलगी सहावीत, शाळेने सामानाची लांबलचक यादी पाठवलीये आणि ऑफिसमधले सगळे सांगतायत की ऑगस्टमधल्या टॅक्स हॉलिडेपर्यंत, म्हणजे ठराविक वस्तूंवर सेल्स टॅक्स माफ असतो त्या तीन दिवसांपर्यंत थांबा, तोवर एक पेन्सिलसुद्धा घेऊ नका. तर खरंच थांबावं का, किती वाचतात, आणि मुलीचा लॅपटॉपही त्याच दिवशी घ्यावा का?

थांबा, पण सगळ्यासाठी नाही. पेन्सिलीसाठी तर नाहीच. आणि लॅपटॉपला टेक्ससमध्ये त्या दिवशीही पूर्ण टॅक्स लागतो, त्यामुळे तो विषय वेगळा, खाली लिहिते.

मी सतरा वर्षं डॅलसजवळ एका रिटेल कंपनीत सेल्स टॅक्सचं काम करते. म्हणजे कुठल्या वस्तूला टॅक्स लावायचा आणि कुठल्या नाही हे सिस्टीममध्ये भरणारी जी माणसं असतात त्यातली मी एक. ऑगस्टचा तो वीकएंड आमच्यासाठी दिवाळी आणि दहावीची परीक्षा एकदम आल्यासारखा असतो. आणि त्याच वर्षांमध्ये घरी एक मुलगी पहिलीपासून कॉलेजपर्यंत नेलीये, त्यामुळे काउंटरच्या दोन्ही बाजूंनी सांगू शकते.

आधी एक गोष्ट, नवीन आलेल्यांचा पहिल्या महिन्यात हमखास गोंधळ होतो म्हणून. आपल्याकडे एमआरपीत टॅक्स धरलेला असतो, अप्पा बळवंत चौकात वहीवर जी किंमत छापलीये त्याच्या वर कोणी एक रुपया मागत नाही, उलट डझनावर सूट मागायची आपल्याला सवय. इथे कपाटावर लावलेली किंमत टॅक्सशिवायची असते. फ्रिस्को, प्लेनो, अर्व्हिंग सगळीकडे काउंटरवर त्यात ८.२५ टक्के चढतात, ६.२५ राज्याचे आणि २ स्थानिक. हॉलिडेच्या तीन दिवसांत, शुक्रवार ते रविवार, ठराविक वस्तूंवरचे हे दोन्ही माफ होतात. २०२५ मध्ये ते ८ ते १० ऑगस्ट होते, २०२४ मध्ये ९ ते ११, म्हणजे साधारण ऑगस्टचा दुसरा वीकएंड धरून चाला, नेमकी तारीख टेक्सस कंट्रोलरच्या, म्हणजे राज्याच्या टॅक्स खात्याच्या साइटवर असते.

आता हिशेब. दोन मुलांची दोन दप्तरं ३४.९९ ची, बुटांचे दोन जोड ५४.९९ आणि ४४.९९, चार जीन्स १९.९९ च्या, आठ टीशर्ट ७.९९ चे, आणि वह्या-पेन्सिली मिळून ६२ डॉलर. बेरीज ३७५.८४. त्यावरचा टॅक्स होतो ३१ डॉलर. चांगलेच आहेत, एका किराण्याच्या फेरीतल्या भाजीचे सुटले. पण दुकानातल्या बाकी सगळ्या पाट्यांशी तुलना केलीत तर ही तिथली सगळ्यात छोटी सूट असते. 'टॅक्स फ्री' एवढ्या मोठ्या अक्षरांत लिहितात की माणूस भान हरपतो, तेच 'आठ टक्के सूट' असं लिहिलं असतं तर कोणी गाडीसुद्धा काढली नसती.

म्हणून कशासाठी थांबायचं हे वस्तूच्या किमतीवर ठरवा. सत्तर पानांची स्पायरल वही जुलैत गिऱ्हाईक ओढण्यासाठी मोठी दुकानं पन्नास सेंटच्या आत विकतात, त्यात त्यांना काही मिळत नाही, तुम्ही आत यावं एवढाच हेतू. त्या वहीवरचा टॅक्स किती? चार सेंट. हे चार सेंट वाचवायला ऑगस्टपर्यंत थांबलात तर तोवर ती वही संपलेली असते आणि शेजारची दीड डॉलरवाली उरते. वह्या, क्रेयॉन, ग्लू स्टिक, फोल्डर हे जुलैतच जिथे पडेल भावात दिसेल तिथे उचला. थांबायचं ते बुटांसाठी, जॅकेटसाठी, चांगल्या दप्तरासाठी, म्हणजे जे साठ ते नव्व्याण्णव डॉलरमध्ये आहे त्यासाठी. ९५ डॉलरच्या बुटांवर ७.८४ वाचतात, तिथे थांबण्याला अर्थ आहे.

आता नियम. सगळा खेळ एका शब्दावर आहे: शंभरापेक्षा *कमी*. कपडे, पादत्राणं, दप्तरं, शाळेचं सामान, प्रत्येक वस्तूची किंमत १०० डॉलरच्या आत हवी. बरोब्बर शंभर चालत नाही. ९९.९९ ला घेतलं तर ९९.९९ देता, १०० ला घेतलं तर १०८.२५ देता, म्हणजे एका सेंटपायी सव्वाआठ डॉलर. आणि लोकांना वाटतं की ११० ची पँट घेतली तर पहिल्या शंभरावर माफी आणि वरच्या दहावर टॅक्स. नाही. पूर्ण ११० वर लागतो. ही मर्यादा १९९९ मध्ये हॉलिडे सुरू झाला तेव्हापासून शंभरच आहे, तेव्हा शंभरात बऱ्यापैकी ब्रँडेड बूट आरामात यायचे, आता मुलांनी बोट दाखवलेला जोड निम्म्या वेळा त्याच्या वर असतो.

उलट बाजूचा गैरसमजही तितकाच आहे, की एकूण बिल शंभराच्या आत हवं. त्यासाठी लोक चार-चार वेळा रांगेत उभे राहताना मी पाहिलेत, नवरा एका काउंटरवर, बायको दुसऱ्या, मुलगा तिसऱ्या. काही गरज नाही हो. मर्यादा वस्तूला आहे, बिलाला नाही. ऐंशीचे दोन शर्ट घेतले, १६० झाले, दोन्ही माफ. कितीही नग घ्या, फक्त दप्तरं दहापेक्षा जास्त घेतलीत तर टॅक्समाफीचा कागद मागतील.

कूपनचं मात्र शिकून घ्या, कारण खरी कमाई इथे आहे. दुकानाच्या सवलतीने किंमत शंभराखाली आली तर ती खाली आलेली किंमतच धरतात. ११५ चे बूट, वर दुकानाचं २० टक्क्यांचं कूपन, झाले ९२, टॅक्स नाही. म्हणजे कूपनचे २३ वाचले आणि वर टॅक्सचे ७.५९. याउलट नंतर पैसे परत देणारं रिबेट असेल तर ते धरत नाहीत, काउंटरवर तुम्ही जे दिलंत तीच किंमत. आणि 'एकावर दुसरं अर्ध्या किमतीत' यात सरासरी काढायची नाही. १२० चा एक जोड आणि ६० चा दुसरा, मिळून १८०, म्हणजे नव्वद-नव्वद पडले असं आपलं डोकं लगेच सांगतं. सिस्टीम तसं सांगत नाही, १२० वाल्यावर टॅक्स लागतो, ६० वाल्यावर नाही. हा हिशेब काउंटरवरच्या पोराला ऐकवून काही होत नाही, मी स्वतः ऐकवून बघितलाय, पहिल्या वर्षी, तेव्हा या कामात नव्हते.

ऑनलाइन घेणार असाल तर शिपिंगकडे बघा. ९५ ची जीन्स आणि १० डॉलर डिलिव्हरी, टेक्सस हे १०५ धरतं आणि पूर्ण १०५ वर टॅक्स लागतो. फुकट शिपिंग असेल किंवा दुकानात जाऊन उचलणार असाल तर प्रश्न नाही. पार्सल नंतर आलं तरी चालतं, ऑर्डर आणि पैसे त्या तीन दिवसांत झाले पाहिजेत आणि विकणाऱ्याने माल लगेच पाठवण्यासाठी ऑर्डर स्वीकारलेली पाहिजे. मी तर आता बूट सोडून सगळं शुक्रवारी रात्री जेवणं झाल्यावर सोफ्यावर बसून घेते, पार्किंग शोधत फिरायचं वय राहिलं नाही.

आता दुसरीच्या मुलाची ती यादी काढा. तिच्यातल्या निम्म्या गोष्टी लोकांना वाटतं माफ असतील. पेन्सिल, खोडरबर, कात्री, मार्कर, बाइंडर, इंडेक्स कार्ड, पट्टी, कंपास, डबा, कॅल्क्युलेटर हे सगळं कंट्रोलरच्या यादीत आहे. पण इथल्या प्राथमिक शाळा टिश्यूचे खोके, पुसायचे ओले वाइप्स, झिपलॉक पिशव्या पण मागवतात, वर्गासाठी. शाळेने मागितलंय म्हणून ते शाळेचं सामान होत नाही, त्यावर टॅक्स लागतो. हेडफोनवर पण लागतो. त्यामुळे टिश्यू आणि वाइप्स त्या गर्दीत शोधत बसू नका, पुढच्या किराण्यात आणा. (आणि यादीत लिहिलेल्या चोवीस ग्लू स्टिक म्हणजे मुलगा गोंद खातो की काय असं वाटेल, पण त्या सगळ्या वर्गात एकत्र ठेवतात, नाव घालायच्या भानगडीत पडू नका.)

दप्तराचं लिहिते, कारण त्यावर माझी स्वतःची एक गंमत झालीये. मुलगी चौथीत असताना चाकांचं दप्तर हवं म्हणून हटून बसली. जांभळं, ४२.९९ ला, एका मोठ्या दुकानात, शनिवारी दुपारी, तिकडे रांग अशी की मधे एकीने मुलाला खाली बसवून डबा खाऊ घातला. घरी येऊन पावती बघते तर बाकी सगळ्या ओळींपुढे काही नाही आणि दप्तरापुढे छोटा 'टी'. ३.५५ टॅक्स लागलेला. का, तर त्या दुकानात कोणीतरी त्याला चाकं बघून सामानाच्या बॅगेत टाकलं होतं, आणि प्रवासी बॅगेला माफी नाही. पण टेक्ससमध्ये चाकांचं दप्तर हे दप्तरच, तिरकी लटकवायची मेसेंजर बॅगही चालते. चालत नाही ती सूटकेस, जिमची बॅग, लॅपटॉपची बॅग, पर्स, आणि डोंगरावर न्यायची चौकटवाली सॅक. सोमवारी पावती घेऊन कस्टमर सर्व्हिसला गेले, बाईंनी पाच मिनिटांत साडेतीन डॉलर परत दिले. नवरा म्हणाला पेट्रोल किती जाळलंस. ते खरंय. पण असल्या चुका होतात हे आत बसून रोज बघते, हजारो वस्तूंना कोड लावताना एखादी चुकीच्या खणात पडतेच, म्हणून पार्किंगमध्ये गाडीत बसल्यावर आधी पावती वाचा आणि मग गाडी चालू करा, परत आत जायला दोन मिनिटं लागतात. नंतर लक्षात आलं तरी आधी दुकानाकडेच मागायचे असतात.

कपड्यांची माफी मुलांपुरती नाही, हे फार कमी जणांना माहीत असतं. शाळेच्या नावाने असला तरी तुमचे ऑफिसचे शर्ट, आईंचे चालायचे बूट, सगळं बसतं, प्रत्येकी शंभराच्या आत असलं की झालं. हिवाळ्याचं जॅकेट पण बसतं, ऑगस्टमध्ये बाहेर अडतीस-चाळीस डिग्री असताना कोणाला सुचत नाही एवढंच. पुण्याहून आलेल्यांकडे जॅकेट म्हणजे महाबळेश्वरला घालायचं स्वेटर असतं, इथे फेब्रुवारीत ते पुरत नाही, एखादं चांगलं ८०-९० चं दिसलं तर घेऊन ठेवा. खेळाचं जपून. ट्रॅकसूट, टेनिसचे बूट माफ, कारण ते एरवीही घालतात. क्लीट्स (तळाला खुंट्या असलेले मैदानी बूट), फुटबॉलचे पॅड यांवर टॅक्स, कारण ते फक्त खेळायलाच. दागिने, घड्याळ नाही. आणि आपल्या बायकांसाठी एक: शिवलेला कुर्ता कपड्यात येतो, पण कापड, धागा, बटणं, चेन यांना माफी नाही. त्यामुळे इंडियन दुकानात 'आज टॅक्स नाही' अशी पाटी बघून न शिवलेलं ड्रेस मटेरियल घ्यायला जाल तर बिल बघून वाद नका घालू, दुकानदाराचं बरोबर आहे.

लॅपटॉप. टेक्ससच्या या हॉलिडेत कॉम्प्युटर नाहीत, किंमत काहीही असो. शिवाय सहावीच्या मुलीला शाळाच क्रोमबुक, म्हणजे साधा स्वस्त लॅपटॉप, देण्याची शक्यता बरीच असते, आधी शाळेला विचारा, पहिल्या आठवड्यात कळतं. हौसेने आठशे डॉलरचा घेऊन ठेवला आणि शाळेने सांगितलं की घरचा आणू नका, असं आमच्या ओळखीत दोघांचं झालंय. ग्राफिंग म्हणजे आलेख काढणाऱ्या कॅल्क्युलेटरचं तसंच, तो अल्जेब्राला पोचल्यावर लागतो, सहावीत वीस डॉलरचा साधा सायंटिफिक पुरतो आणि तो माफही आहे. ग्राफिंगवाला शंभराच्या वर गेला की माफी गेली. तो बनवणारी कंपनी इथलीच, डॅलसची, तरी सवलत नाही, काय बोलणार. माझ्या मुलीचा मी वरच्या वर्गातल्या एका मुलाकडून चाळीसला घेतला, बारावीपर्यंत चालला.

तुमचे मित्र दुसऱ्या राज्यांतून सल्ले देतील ते मात्र ऐकू नका, कारण प्रत्येक राज्याचं गणित वेगळं. बोस्टनवाला म्हणेल लॅपटॉप त्याच दिवशी घे, त्याचं बरोबर आहे, मॅसॅच्युसेट्समध्ये ऑगस्टच्या दोन दिवसांत २५०० डॉलरपर्यंतच्या जवळजवळ कुठल्याही वस्तूला माफी असते. फ्लोरिडात २०२५ पासून अख्खा ऑगस्ट महिना आहे आणि १५०० पर्यंतचा कॉम्प्युटर त्यात येतो, कपड्याला तिथे शंभर किंवा त्याहून कमी, म्हणजे बरोब्बर शंभर चालतात, आपल्यासारखं एका सेंटने अडत नाही. एडिसनवाली मावशी विचारेल की कपड्यांवर टॅक्स असतो का, कारण न्यू जर्सीत साध्या कपड्यांवर तो वर्षभर नसतोच. कॅलिफोर्नियात असला हॉलिडे नाही. खरं तर ही सगळी भानगड न्यू जर्सीमुळेच सुरू झाली असं म्हणायला हरकत नाही, न्यू यॉर्कचे लोक कपडे घ्यायला नदीपलीकडे जायचे म्हणून न्यू यॉर्कने जानेवारी १९९७ मध्ये आठवडाभर ५०० डॉलरच्या आतल्या कपड्यांवरचा टॅक्स काढून बघितला, मग पुढच्या वर्षी फ्लोरिडा, त्याच्या पुढच्या वर्षी आपण. टॅक्सची धोरणं अभ्यासणाऱ्या संस्थांना हे आवडत नाही, टॅक्स फाउंडेशन तर दरवर्षी विरोधात लिहितं, की लोक जे जुलैत घेणार होते तेच ऑगस्टमध्ये घेतात, नवीन काही होत नाही. आत बसून मला पण तसंच दिसतं, फक्त एक फरक आहे, लोक जे घेणार नव्हते ते पण घेतात. टॅक्स फ्री म्हणून टोपलीत पडलेला तिसरा हूडी ३५ डॉलरचा असतो, त्यावर वाचतात २.८९, आणि गेले ते ३२ नाही, पूर्ण ३५ गेले. मी यादी कागदावर लिहून नेते, फोनमध्ये नाही, फोन हातात घेतला की दुकानाचं ॲप उघडतं.

आणि सगळे कपडे त्या वीकएंडला घेऊच नका. इथे शाळेला गणवेश बहुतेक नसतो, पहिल्या दिवशी पाच जोड लागत नाहीत. दोन जीन्स, चार टीशर्ट, एक बुटांचा जोड घ्या. इकडे सप्टेंबरच्या शेवटी उन्हाळ्याचा आणि शाळेचा उरलेला माल क्लिअरन्सला निघतो, तेव्हा अर्ध्या किमतीत मिळतं, त्यावर सव्वाआठ टक्के टॅक्स भरला तरी हॉलिडेपेक्षा कितीतरी स्वस्त. तोवर मुलीला वर्गातल्या मुली काय घालतात ते कळलेलं असतं, नाहीतर तुम्ही ऑगस्टमध्ये घेतलेलं कपाटात पडतं, सहावीच्या मुली फार कडक असतात या बाबतीत.

बदलून घ्यायचं असेल तर: तीच वस्तू दुसऱ्या साइझ किंवा रंगात, हॉलिडे संपल्यावर बदललीत तरी टॅक्स लागत नाही. पण ती परत करून त्या पैशात वेगळी वस्तू घेतलीत तर नवीन वस्तूवर लागतो. दुकान 'रेनचेक' देत असेल, म्हणजे माल संपलाय नंतर याच भावात देऊ असा कागद, तर भाव तोच मिळेल पण नंतर घेताना टॅक्स लागेल. आणि पावत्या टाकू नका, निदान दोन महिने, कारण हॉलिडेनंतर परत करायला गेलात आणि टॅक्स भरल्याचा पुरावा नसेल तर टॅक्सचे पैसे मिळत नाहीत.

शनिवारी दुपारी बाहेर पडू नका. शुक्रवारी सकाळी दुकान उघडतानाच जा, मुलांना बुटांपुरतंच न्या आणि पाय मोजून घ्या, इथले साइझ आपल्यापेक्षा वेगळे आहेत आणि मुलांचे ६ आणि मोठ्यांचे ६ असे दोन वेगळे ६ असतात. मुलीच्या पायाला मुलांच्या सेक्शनमधला जोड बसत असेल तर तोच घ्या, बऱ्याचदा तोच बूट मोठ्यांच्या सेक्शनपेक्षा वीस-पंचवीस डॉलरने कमी असतो आणि शंभराच्या आत पण येतो. उभं राहून पुढे अंगठ्याएवढी जागा उरली पाहिजे, मोजे घालून.